खणू न दिलेलं खळं

प्लास्टिकची हिरवळ कुठे दिसली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मालवणात एका हॉटेलसमोर ती अंथरलेली आहे. मी रस्ता बदलून जातो. लोक म्हणतात, म्हातारा तिरसट झाला. झाला तर झाला!

गोष्ट २००९ सालची. कुडाळच्या कचेरीत बत्तीस वर्षं खर्डेघाशी करून मी निवृत्त झालो आणि बायकोसह गावच्या घरी राहायला आलो. घर मालवणपासून एसटीने वीस मिनिटांवर. तिथे आई एकटी होती, ऐंशीला टेकलेली. दारात खळं, म्हणजे आमचं मातीचं अंगण, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला तुळस. रोज आंघोळ झाली की आई तांब्या घेऊन पंधरा पावलं खळं ओलांडायची आणि तुळशीला पाणी घालायची. कोणी हात धरलेला तिला खपायचा नाही. "माजे पाय शाबूत आसत," म्हणायची.

आदल्या पावसाळ्यात खळ्यावरच्या शेवाळावरून ती घसरली होती. मनगटावर निभावलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. पावसाचे चार महिने तुळशीला पाणी मी घालतो, असं मी आईला म्हणून बघितलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी विषय सोडला. म्हणून ते प्लास्टिकचं गवत! पायाखाली खरखरीत काही असलं तर ती घसरणार नाही, एवढंच माझं डोकं चाललं. शोभेची हौस मला नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

कुडाळहून गवतवाला आला. तिशीचा, बोलायला नम्र. पहार मारून त्याने खळ्यातलं एक ढेकूळ काढलं, पाणी लावून बोटांत मळलं आणि मान हलवली.

"काका, ही मळ्यातली चिकणमाती. हेच्यात पाणी जिरूचा नाय. वीतभर खणून काढूया, खडी भरूया, खाली भोकांचो पाइप घालून पाणी माडांकडे सोडूया. मगेच गवत."

माझं डोकंच सणकलं. खळं खणायचं? लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं लाकडी चोपणी घेऊन आईच्या ओळीत उकिडवी बसायचो आणि माती धबाधब चोपायचो. मग ती शेणाने सारवायची. साठ वर्षं चोपून चोपून तिने ते खळं दगडासारखं केलं होतं, असं मी धरून चाललो होतो. घराच्या पायाइतकं जुनं. आणि हा काल आलेला माणूस त्यावर पहार चालवणार!

"खळ्याक हात लावशीत तर याद राख," मी ओरडलो. "माज्या आवशीचे हात लागलेत तेका. वरच्या वर आंथर, नायतर चलाक लाग."

"काका, पाणी साचान रवतला."

"रवांदे!"

आई ओसरीवर वाती वळत होती. "अरे झिला, मी काय म्हणतंय..." तिने सुरुवात केली.

"तू गप रव गो आये. मी बघतंय."

तिने पुढची वात वळायला घेतली. गवत अंथरलं गेलं, कडेने सिमेंटची पट्टी आली, आणि पावसाआधी दोन आठवडे मी त्या हिरव्या खळ्याकडे बघून मिशीवर हात फिरवत होतो.

आषाढात सगळं उघडं पडलं. पाणी गवतातून खाली जायचं आणि तिथेच बसायचं. खाली माती शोषेना, कडेची पट्टी वाट देईना. पाय टाकला की पच्च व्हायचं. कुजका वास सुटला. मी रोज खराट्याने पाणी लोटायचो आणि गवतवाल्याला फोन करून शिव्या द्यायचो. "काका, मी सांगललंय," एवढंच तो म्हणायचा. खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा चोराचाही येत नाही. गवत काढून टाकायला हवं होतं. पण मग तो बरोबर होता असं झालं असतं ना!

श्रावणातल्या एका सकाळी आई तांब्या घेऊन निघाली. मध्यावर तिचा एक पाय चिखलात रुतला आणि दुसऱ्या पायाखालचं गवत सरकलं. मी दारातच होतो. धावलो तोवर ती पडली होती. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळातून घरी आणून तिला ओसरीवरच्या खाटेवर झोपवलं. मी पुन्हा फोनवर गवतवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो, तेव्हा तिने हाक मारली.

"तेका कित्याक गाळी घालतंस? तो खणूया म्हणी होतो."

"तुजां खळां मोडूक देवचां होतां काय?"

"माजां खळां!" आईला हसू फुटलं आणि हसताना खुबा दुखला. "अरे मेल्या, दरवर्षी दसऱ्याक मियाच कुदळ घेवन तां खणतंय. गेल्या वर्षी हात दुखी होतो म्हणान तेवडां गड्याकडसून खणून घेतलंय. जुनी माती फोडल्याशिवाय नवी धरता काय? तुमी सुट्टीत खळ्यात येवचे तवसर खणून झालेलां असायचां. तुमका चोपणां तेवडां म्हायत."

"मगे तेवाच सांगूचां नाय?"

"सांगी होतंय," आई म्हणाली. "तू गप रव म्हटलंस."

फोन अजून चालू होता. तो माणूस सगळं ऐकत होता, आणि तरी हसला नाही. मला त्याचाही राग आला.

गवत मी त्याच दिवशी फाडून काढलं. दसऱ्याला कुदळ घेतली. पहिल्याच घावाला खळ्याचं कवच भाकरीसारखं मोडलं. चार बोटं जाडी, एका वर्षाची. खाली साधी माती. आई खाटेवरून सांगत होती, इकडे उंच झालं, तिकडे पाणी मार, आणि मी चोपत होतो.

त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी तुळशीपर्यंत कधीच गेली नाही. रोज सकाळी मी तिला खुर्चीसकट उचलून न्यायचो. तांब्या मात्र तिच्या हातात असायचा. तिची पंधरा पावलं, माझी अकरा व्हायची.