आतोबांचं अनईझी

'अनईझी' हा शब्द उभ्या कर्जतमध्ये कुणाला वापरू द्यायचा, हे एकटे माझे आतोबा ठरवायचे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. पेशंटची तक्रार इंग्रजीत कागदावर उतरवायचं काम त्यांचं. बाकीचे शब्द ते खुशाल लिहीत, पण अनईझी म्हटलं की चौकशी सुरू. एकदा शेलूचा एक शेतकरी कुठूनसा तो शब्द उचलून आला.

"अनईझी वाटतंय वो."

"कारण माहीत आहे?"

"काल वाल जरा जास्त झालं."

"मग ते अपचन. भीतीला कारण असतं, दुखण्याला असतं. अनईझीला नसतं. कारण सापडलं की हा शब्द बाद."

"बरं, अपचन लिवा. पन औषध द्या," तो बिचारा म्हणाला. घरीही तीच तऱ्हा. आत्याला वीस वर्षांच्या संसारात हा शब्द एकदाच मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशी तिला ताप चढल्यावर तोही काढून घेतला. आम्ही पोरं हसून लोळायचो.

पुढं त्यांच्या लेकीला, कुंदाला मीच स्थळ आणलं. मुलगा रसायनीच्या कारखान्यात कायम नोकरीला, राहायला क्वार्टर, नाव ठेवायला जागा नाही. साखरपुड्याला आतोबांच्या भिसेगावातल्या घरी पाहुण्यांचा टेंपो भरून आला. कुंदा पाटावर बसली, ओटी भरायला मुलाची आई पुढं झाली, आणि कुंदा खाली मान घालून म्हणाली, "अप्पा, मला अनईझी वाटतंय."

"कसलं गं? कारण तरी सांग," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. कुंदानं नुसती नकारार्थी मान हलवली. मुलाच्या मामांनीही विचारलं. तिनं पुन्हा तशीच मान हलवली.

आतोबांनी लेकीकडे पाहिलं. मग हात जोडले. "कारण असतं तर तिनं दुसरा शब्द वापरला असता. पाहुणे, माफी असावी. हे लग्न होणार नाही." आवाज कागद लिहितानाचाच होता.

आत्या दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. गाव म्हणालं, कंपाउंडरचं डोकं फिरलंय. मलाही त्यांचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू. कुंदाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत कारण विचारलं नाही. ते गेल्यावर, दहाव्याला नदीवरून परतताना न राहवून मीच विचारलं, "तेव्हा काय झालं होतं गं?"

ती चालता चालता थांबली. "अप्पांनी नाही विचारलं, दादा. म्हणून तर जगले," म्हणाली आणि पुढं निघाली.

तिला गाठायला मला बराच वेळ लागला.