कारध्याचं नाइट-लॅच

कारध्याला पोचलो तेव्हा गिरजाकाकींच्या घरासमोर दहा-बारा माणसं जमली होती. घराच्या मागच्या बाजूनं धूर निघत होता. पुढचं दार बंद होतं आणि आतून काकी दारावर थापा मारत होत्या. शेजारचा माणूस मला पाहून म्हणाला, "मिस्त्री आला. या दाराचं कुलूप यानंच बसवलं."

मी आलो होतो नावाची पितळी पाटी ठोकायला. सायकल तिथंच टाकली.

आधी दाराचं सांगतो. ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कारध्याहून नदीच्या पुलापलीकडे, भंडाऱ्यात एका दुकानात मी दाराचं सामान विकायचो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसवूनही द्यायचो. कड्या, बोल्ट, बिजागऱ्या, मुठी, सगळं. गिरजाकाकींचा मुलगा वामन भिलाईला नोकरीला होता. वडील गेल्यापासून आई कारध्यात एकटीच राहायची. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तो गावी आला, तेव्हा घराचं तोंड जरा बरं दिसावं असं त्यानं मनावर घेतलं. दुकानात येऊन त्यानं हौसेनं एकेक वस्तू निवडली. दोन लांब पितळी हँडल, वीज-बेल, नावाची पाटी आणि नाइट-लॅच.

नाइट-लॅच म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला बसवायचं कुलूप. दार ओढलं की ते आपोआप लागतं. बाहेरून किल्लीनं उघडायचं, आतून एक छोटी गोल मूठ फिरवून. मुठीच्या पोटात स्प्रिंग असते आणि ती नवी असताना चांगलीच कडक असते. आई एकटी असते, चोराचिलटाची भीती नको, म्हणून त्यानं मला लांबातले लांब स्क्रू मारायला लावले. मी मारले.

पाटीवर नाव कोरून यायचं होतं, ती सोडून बाकी काम झाल्यावर वामननं आईला बोलावलं आणि दार उघडून बघायला सांगितलं. काकींचं सगळं आयुष्य धानाच्या बांधीत रोवणा करण्यात, चिखलात वाकून भाताची रोपं लावण्यात गेलं होतं. बोटं सांध्यांत आखडलेली, मूठ पुरती वळत नसे. त्यांनी गोल मूठ धरली. बोटं घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा दोन्ही हात लावले तरी ती जेमतेम हलली.

"माह्यानं नाही फिरत, बापू," त्या म्हणाल्या. वामन म्हणाला, सवय होईल. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तेल सोडतो, मग सुरळीत फिरेल. मी दोन थेंब तेल सोडलंही. तेलानं स्प्रिंग नरम होत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पण गिऱ्हाईक खूश होतं आणि मला पुलापलीकडे दुसऱ्या कामावर जायचं होतं.

पुढचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. वामन भिलाईला गेल्यावर काकींनी ते दार कधी लावलंच नाही. दिवसा वीट अडकवून उघडं ठेवायच्या, रात्री खाट दाराला टेकवून झोपायच्या. त्या दिवशी दुपारी वारा सुटला, वीट सरकली आणि दार आपटून बंद झालं. त्याच वाऱ्यानं चुलीतली ठिणगी मागच्या पडवीतल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगावर गेली. मागचं दार त्या पडवीतच होतं. तिकडे आग, इकडे माझं कुलूप.

पुढच्या खोलीला खिडकी नव्हती, वर फक्त झरोका होता. एक किल्ली भिलाईला वामनकडे. दुसरी आत स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, म्हणजे धुरात. तिघांनी खांदे लावून दार रेटलं. ते हललं नाही. काम चोख झालं होतं.

मी दाराला तोंड लावून म्हणालो, "काकी, बाजूले व्हा. भिंतीले टेकून बसा. मी फळी फोडतो."

थापा थांबल्या. ऐकून थांबल्या की त्यांचं बळ संपलं, ते बाहेरून कळेना. शेजाऱ्यानं कुऱ्हाड दिली. दारातली मधली फळी भोवतीच्या लाकडापेक्षा पातळ असते. कुलपाच्या जवळच्या फळीवर घाव घातले. चौथ्या घावाला भोक पडलं आणि त्यातून धूर बाहेर आला. मी हात आत घातला, चाचपत गोल मूठ धरली आणि फिरवली. माझ्या हातानं ती सहज फिरली.

काकी भिंतीशी पडल्या होत्या. श्वास चालू होता. बाहेर आणलं, एका ट्रकवाल्यानं पुलावरून भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गावकऱ्यांनी विहिरीचं पाणी मारून आग विझवली.

वामन तिसऱ्या दिवशी आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला गाठलं. कोणी विचारलं नव्हतं, पण सांगणं भाग होतं.

"वामनभाऊ, त्या दिवशी काकीच्या हातानं मूठ फिरत नव्हती. मी पाहिलं होतं. तेलानं काही होणार नव्हतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही खूश होता."

तो बाकावर बसला. मग म्हणाला, "मी बी पाहिलं होतं, मिस्त्री."



काकी वाचल्या, पण खोकला कायमचा मागे लागला. वामन त्यांना भिलाईला न्यायला तयार होता. त्या गेल्या नाहीत. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी दुकानातले सात-आठ नमुने पिशवीत घालून कारध्याला गेलो आणि त्यांच्यासमोर ओट्यावर मांडले. त्यांनी एकेक सरकवून पाहिला. पितळेचे सगळे बाजूला केले. शेवटी लांब शेपटीचा साधा लोखंडी बोल्ट घेतला, जो बोटं न वळवता नुसत्या मनगटानं सरकतो. मी नाइट-लॅच काढलं, त्यांच्या कमरेच्या उंचीवर खूण करून घेतली आणि बोल्ट तिथंच बसवला. त्यांनी तो चार वेळा लावला, चार वेळा काढला. "हे जमते," एवढंच म्हणाल्या.

त्या घरात त्या पुढे बरीच वर्षं राहिल्या.

तेव्हापासून दुकानात कोणी दाराचं सामान बघायला आलं, की मी आधी विचारायचो, घरात दिवसभर कोण असतं, त्यांना घेऊन या. बऱ्याच जणांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटे. काही जण उठून दुसऱ्या दुकानात गेले. मालक माझ्यावर चिडायचे. त्यांचंही बरोबर होतं. पण हात बघितल्याशिवाय मी पुन्हा कुणाला नाइट-लॅच दिलं नाही.