आलेइडाबाईंचा डावा फटका

हार्लेम या डच शहरातल्या एका गल्लीत शुक्रवारी सगळ्या बायका गालिचे दांडीवर टाकून वेताच्या झोडण्याने बडवायच्या. नेलकेचं लक्ष मात्र शेजारच्या पन्नाशीतल्या आलेइडाबाईंकडे. पाय न हलवता, एकाच हाताने, उजवीकडून एक आणि डावीकडून एक, दोन्ही रट्टे सारख्याच जोराचे!

शेवटी नेलकेला राहवेना. ती कॉफीच्या निमित्ताने त्यांच्याकडे जाऊन बसली. बाईंनी रिवाजाप्रमाणे एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"बाई, हे असं मारायला शिकलात कुठे?"

"हॉकीत. तेव्हा फक्त आपल्या देशात स्टिक दोन्ही बाजूंनी सपाट असायची. डावं-उजवं आम्हाला सारखंच. उन्हाळ्यात टेनिस खेळायचे, तर समोरची प्रत्येक जण माझ्या डावीकडेच चेंडू टाकायची. म्हणे, बायकांची ती बाजू लंगडी! तिथेच फसायच्या. चार वर्षं देशात पहिली होते मी."

"मग सोडलंत का?"

"टेनिस गुडघ्यांनी सोडवलं, हॉकी नियमांनी. आमच्या संघटनेला परदेशी संघांशी खेळायची हौस, म्हणून त्यांची स्टिक आणली, एकाच बाजूने सपाट. डावीकडून मारायला जावं, तर हातात नुसती काठी!"

"म्हणजे अर्धा खेळच काढून घेतला की हो!"

बाईंनी डबा पुन्हा उघडला. नेलके चाटच पडली. या गल्लीत दुसरं बिस्किट कुणाला मिळत नसे.

"घे. गालिचे झोडायचे नियम अजून कुणी परदेशातून आणलेले नाहीत."