प्रमेयाचे पेढे

संशोधनात निष्कर्ष साठत नाहीत, किस्से मात्र न मागता साठतात. माझी पीएचडी एका प्रमेयावर अडकलीय, शेवटची मुदतवाढ या दिवाळीला संपतेय, आणि हाताशी काय? तर हे!

*

मंडळी मला बघायला इंदापूरला आली, तेव्हा होणारे चुलत सासरे, तात्या, यांनी विचारलं, "पोरी, शिकतीस काय?"

"टाइप थिअरी. प्रोग्रॅम न चालवताच तो अमुक ठिकाणी चुकणार नाही, हे सिद्ध करायचं."

तात्यांचा पोह्यांचा चमचा थांबला. "आन् चालवून बघायला काय हुतंय?"

सगळे हसले. लग्न ठरलं. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

*

बारामतीच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. एचओडी म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं सिद्ध केलेलं असतं ना? मग टाइमटेबल तुम्हीच लावा!"

लावलं. कुणाचेही दोन तास एकाच वेळी येणार नाहीत, हे सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, म्हणजे आमच्या 'मशीन'कडून, पक्कं करून घेतलं. सोमवारी दुपारी अख्खी स्टाफरूम उपाशी माझ्या टेबलाभोवती!

सिद्धता बिनचूक होती. जेवणाची सुट्टी ठेवायची असते, हे मी मशीनला सांगितलंच नव्हतं.

*

पेपर पाठवला. एक परीक्षक: "हे तर उघडच आहे." दुसरा: "हे खरं असणं शक्यच नाही." दोघांचं एकमत एवढंच, की छापू नये!

*

पुण्याला गाइडसरांकडे रडायला गेले. ते म्हणाले, "मशीनवर फार विसंबू नकोस. गृहीतकंच एकमेकांना खोटं पाडत असली, की ते काहीही मान्य करतं. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध तसाच गेला."

"मग त्यांनी काय केलं?"

"डाळिंब लावलं. सुखी आहे."

*

परवा संध्याकाळी मशीननं माझं प्रमेय मान्य केलं. मी ओरडलेच! कधी न बोलणारी सून ओरडली म्हणून सगळं घर धावलं. सासरे, आमचे आबा, तसेच गाडीला किक मारून पेढे घेऊन आले आणि आमच्या सांगवी गावभर वाटत सुटले. "सूनबाईचं गणित मशीननं पास केलं!"

मी आत एकटी. सहज म्हणून, त्याच गृहीतकांवरून 'शून्य म्हणजेच एक' हे मशीनला तपासायला दिलं.

तेही मान्य झालं.

तेवढ्यात दारात तात्या, हातात पेढा. "मग सूनबाई, आता चालवून बघायची गरज न्हाय म्हना की!"

"न्हाय, तात्या," मी म्हटलं, आणि पेढा तोंडात टाकला.