कलर मोठा की सीक्वेन्स

माझं माहेर देवगाव रंगारीचं. तिथं तीन पत्तीत माझ्यासमोर बसायला माणसं देवाला कौल लावून यायची. मी पत्ते पिसले की राणी राजाला सोडून आपसूक माझ्या हातात यायची. म्हणून पडेगावच्या सासरी धाकटे दीर फोनवर पोकर शिकून आले आणि म्हणाले, "वहिनी, हे तुमचं तीन पत्ती नाय. डोक्याचा खेळ हाय," तेव्हा मी एवढंच विचारलं, "मग तुम्हाला कसा जमला, भाऊजी?"

रविवारची दुपार. चटईवर भाऊजी, शेजारच्या आपा आणि मी. पैशाऐवजी चिंचोके. नियम सोपे: हातात दोन पत्ते, मधे पाच उघडे, सातातून पाच चांगले निवडायचे. पाच पानांची कोणती जुळणी कोणत्या जुळणीला भारी, याची यादी भाऊजींनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिली होती.

"हरलात तर या चटईवर पुन्हा बसायचं नाय. चहाचं बघायचं."

"कबूल," मी म्हणाले.

मधे सत्ती, अठ्ठी, नव्वी आणि दोन बिनकामाची काळी पानं उतरली. माझ्या हातात दहला आणि गुलाम! ओळीनं पाच. मी चिंचोक्यांचा अख्खा डोंगर पुढं ढकलला. भाऊजींनीही ढकलला आणि हळूच तिर्री-पंजी उघडली. दोन्ही बदाम. मधले तीन बदाम धरून पाची एका रंगाचे.

मी हसत ढीग ओढायला लागले. तीन पत्तीत सीक्वेन्सपुढं कलरला कोण विचारतं?

"वहिनी, हात काढा. पोकरमधे कलर मोठा. यादी वाचली नाय का?"

"वाचली व्हती. पटली नव्हती."

आपा हसून लोळायच्या बाकी. "नक्को भाभी, उठनाच नक्को!"

"शर्त म्हंजे शर्त! हा साऱ्या जगाचा नियम हाय," भाऊजी ओरडले.

"मग जगाला बोलवा मला उठवायला."

माझ्या मांडीखालची चटई ओढायला त्या दिवशी बुलडोझर आणला असता तरी तोच मागं सरकला असता. मी आपांच्या ढिगातून मूठभर चिंचोके उचलले आणि पत्ते पिसायला घेतले. कलर मोठा, हे मी त्यानंतर तिसऱ्या डावात मान्य केलं. तेव्हा पाची चौकट माझ्याकडं होते.

चहा भाऊजींनी केला. आलं लई पडलं होतं. मी दोन कप प्याले.