येऊ का वर?

कुणाच्याही गच्चीवर जायचं असलं की केबलवाले सुधाकरभाऊ चपला जिन्याखाली काढायचे आणि वर तोंड करून हाक द्यायचे, "येऊ का वर?" त्यांची तार त्या गच्चीवरून कितीही वर्षं जात असो. वर कुरडया, मिरच्या, काही ना काही वाळत घातलेलं असायचंच. आता तर सगळे ओळखतात, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "तार आपली हाये, छत त्यायचं हाये."

मंगरूळपीरहून इंझोरीपर्यंत त्यांनी इंटरनेटची तार नेली, त्यात मी आणि खताचे दुकानदार विनायकराव यांनी पैसे घातले. धंदा जरा बाळसं धरतोय तोच इंझोरीची रेणुका आली. शिकून गावात परतलेली, बोलायला चुणचुणीत. तिला स्वतःची इंटरनेट सेवा सुरू करायची होती, तीही आमच्याच तारेवरून, भाडं देऊन. विनायकराव उखडले. तार आम्ही ओढायची आणि गिऱ्हाइकं हिने पळवायची? खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. आमचे पैसे त्या एका तारेतच अडकले होते.

भाऊंनी वाद घातला नाही. बैठक इंझोरीत घेऊ म्हणाले आणि आम्हाला नेलं थेट जनाबाईंच्या गच्चीवर, जिथून आमची तार गावात शिरते. विनायकराव बुटांसकट तरातरा चढले. जनाबाई कुरडया उलटत होत्या. त्यांनी आधी बूट काढायला लावले, मग भांडण कशाचं ते विचारलं. भाऊंनी काही न लपवता सांगितलं.

जनाबाई म्हणाल्या, "त्या पोरीले तुमच्या तारेवरून जाऊ देत नाही, मंग तुमची तार माह्या छतावरून कायले जाऊन राह्यली?"

फरशी तापलेली, विनायकराव अनवाणी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. भाऊ हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी हसलो.

रेणुकाला तार मिळाली. सुरुवातीला आमची बरीच गिऱ्हाइकं गेली आणि विनायकरावांनी त्याबद्दल मला रोज ऐकवलं. पण ती आम्ही कधीच न गेलेल्या वस्त्यांवर पोचली, भाडं येऊ लागलं. आमचा दुरुस्तीचा माणूसही तक्रार आली की त्याच दिवशी धावू लागला. पूर्वी तो सवडीने जायचा.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. अजूनही कुठे जिन्याखाली चपला दिसल्या की मला वाटतं, ते वर आहेत. त्यांचा हिस्सा घरच्यांनी रेणुकाला दिला.

परवा पोहरादेवीकडचा एकजण आला. त्याला याच तारेवरून आपली सेवा द्यायची होती, आणि आता गिऱ्हाइकं रेणुकाची जाणार होती. विनायकरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "बोल, काय करतं?"

तिने गिऱ्हाइकांची वही चाळली आणि मिटली. मग म्हणाली, "येऊ द्या त्याले. फक्त जनाबाईच्या जिन्याखाली चपला काढाले सांगा."