आधी दोष ऐका

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हा मला जुन्या नाण्यांचं भारी वेड. विकणारे सगळे गोडबोले, बाजारातला एक नाणेवाला तेवढा खडूस. नाणं हातात देण्याआधी म्हणायचा, "बहनजी, पहले ऐब सुनिए." मग कड झिजलीय, भोक बुजवलंय, सगळं सांगायचा. अहो, लेकीचं स्थळ घेऊन असा बोलत फिरला असता, तर लेक घरातच राहिली असती!

त्याच्याकडून मी तांब्याची एक शिवराई घेतली. दिवाळी झाली आणि हा पत्ता विचारत दारात हजर, चेहरा उतरलेला. "सिक्का नकली निकला, बहनजी. मुझसे चूक हो गई. पैसे लीजिए, सिक्का दे दीजिए."

"अब कैसे दूँ, भैया? लक्ष्मीपूजन में बैठ चुका है."

चपला काढून तो देवघरापाशी गेला, शिवराईकडे बघत उभा राहिला. पैसे मात्र तिथंच ठेवून गेला.

आता मी गुरुग्रामला लेकाकडे असते. तो नाणेवाला आता कुठे असतो, ठाऊक नाही. दर दिवाळीला शिवराई पूजेत मांडते. सून विचारते, "आई, ही नकली आहे ना?"

"हो गं," मी ऐटीत सांगते, "त्यानंच सांगितलं."